बिल येईपर्यंत सगळं छान चाललं होतं

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. हे जीपीओतून निवृत्त झालेत. मी घरी शिवणकाम करायचे, ते आता बंद केलंय. मुलगा-सून अंधेरीत असतात, दोघंही नोकरी करतात. महिन्यातून एखादा रविवार ते आम्हाला वांद्र्याच्या एका हॉटेलात जेवायला बोलावतात. तिथे सकाळचा नाश्ता दिवसभर मिळतो, मुलं त्याला ब्रंच म्हणतात. मागच्या खेपेला चौघांचं बिल पाच हजार चारशे झालं. ह्यांनी ते सुनेच्या हातातून घेतलं, मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "एवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. आणि खाल्लं काय, तर पाव न् अंडी!" शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या. सून काही न बोलता उठून हात धुवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही. मुलगा स्टेशनपर्यंत गप्प. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतील. सुनेने त्या रविवारी तिथलंच साडेबाराचं टेबल बुक केलंय. हे म्हणतात, "मी येणार नाही. घरी थालीपीठ कर, त्यांनाच इकडे बोलाव." ह्यांना साखर आहे, तिथे जेवण यायला उशीर होतो, हेही खरं. बुकिंग रद्द करायला सांगू का? सुनेला वाईट वाटेल. आणि खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडतं.
— एक सासू, डोंबिवली

ताई, बुकिंग रद्द करायला सांगू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

अख्खं पत्र तुम्ही ह्यांचं काय, सुनेचं काय, मुलाचं काय ह्यात घालवलंत आणि स्वतःचं म्हणणं अगदी शेवटी, सही करता करता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. तिथे काय आवडतं ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण अंदाज करायला फार डोकं लागत नाही. एरवी रविवारी बाराच्या सुमाराला तुम्ही कुठे असता? ओट्यापाशी. पोह्यांची कढई घासून झालेली, कुकर लागलेला, कोशिंबिरीसाठी दाण्याचं कूट करायचं राहिलेलं. मुलगा-सून येणार असतील तर वर काहीतरी गोडाचं. सगळे बसले की तुम्ही वाढणार, आणि तुम्ही बसाल तोवर आमटी निवलेली. वांद्र्याच्या त्या टेबलापाशी दोन तास तुम्हाला कुणी उठवत नाही. ताटली कुणीतरी उचलून नेतं. एक पोरगा येऊन विचारतो, "आँटी, आणखी काही आणू?" हे ज्याने कधी वाढलेलं नाही त्याला बिलात दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

आता त्या थालीपिठाबद्दल. ते करणार कोण? कांदा चिरायचा, पीठ मळायचं, एकेक थापायचं, आणि प्रत्येकाच्या ताटात गरम पडावं म्हणून शेवटपर्यंत तव्यापाशी उभं राहायचं. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. थालीपीठ फुकट पडत नाही, त्याचं बिल येत नाही इतकंच. आणि ते चौघांचं जेवण तुमच्या घरी ठरलं, तर सूनही येऊन पदर खोचणार, म्हणजे आठवडाभर नोकरी करून तिचाही रविवार स्वयंपाकघरात. तिने बाहेरचं टेबल का बुक केलं असेल, ह्याचा जरा विचार करा. मला तरी त्यात उधळपट्टीपेक्षा शहाणपण जास्त दिसतं. तुम्ही दोघी एका वेळी खुर्चीत बसलेल्या असाल, अशी जागा तिने शोधलीय.

तेव्हा यजमानांना सांगा. भांडायचं नाही, दुपारच्या चहाला बसलात की सांगायचं, "मला जायचंय, मला तिथे आवडतं." एवढंच. "सुनेला वाईट वाटेल" हे कारण देऊ नका. त्या वाटेने गेलात की सुनेचा स्वभाव, मुलाचे खर्च, आजकालची पिढी असं सगळं निघेल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. तुमच्या आवडीवर मात्र त्यांना वाद घालता येणार नाही. घातलाच, तर तुम्ही तयार व्हा आणि एकट्या जा. मी हे चेष्टेने म्हणत नाहीये. सुनेला मात्र आदल्या दिवशी फोन करून कल्पना द्या, "बाबांचं अजून नक्की नाही, मी येतेच आहे."

माझा अंदाज, ते येतील. त्यांनाही मी मोडीत काढत नाही. पाच हजार चारशे म्हणजे माणशी साडेतेराशे, ही रक्कम मोठीच आहे, आणि ज्याने आयुष्यभर पगारात घर चालवलं त्याच्या डोळ्यांत ती खुपणारच. चूक वाटण्यात नव्हती, वाचण्यात होती. तुमच्या घरी पाहुणा पोटभर जेवला आणि उठता उठता म्हणाला, "तूप केवढ्याला आणलंत? अबब!" तर तुम्हाला कसं वाटेल? त्या टेबलावर यजमानीण तुमची सून होती. तिच्या पगारातून ती तुम्हाला जेवू घालत होती, आणि तिला ऐकू आलं ते एवढंच, की तुला पैशाची किंमत नाही. 'पाव न् अंडी' हे त्यावरचं मीठ.

माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडून निघतील का, हे तुम्हाला ३५ वर्षांनी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. न निघाले तरी चालेल. त्यांनी स्वतः फोन करून "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, रविवारी येतोय आम्ही" एवढं म्हटलं तरी सून पुढचं समजून घेईल. फोन त्यांनीच करायचा. "त्यांच्या मनात तसं काही नव्हतं गं" अशी सारवासारव तुम्ही त्यांच्या वतीने करायला गेलात, तर सुनेला वाईट वाटल्याचं तुम्हाला कळलं आणि त्यांना कळलंच नाही, असा अर्थ निघतो.

आता व्यवहाराचं बोलू. तुमचे यजमान त्या दिवशी तसं का बोलले, ह्याचं निम्मं उत्तर मला घड्याळात दिसतं. ही ब्रंचची टूम साहेबाची. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली'त लेख लिहून तिची भलामण केली, आणि त्याचा मुद्दा असा, की शनिवारी रात्र जागवलेल्या माणसाला रविवारी लवकर उठून जड जेवण्यापेक्षा उशिरा, हलक्यापासून सुरुवात करून खाणं बरं पडतं. म्हणजे हे जेवण उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीने रचलेलं आहे. तुमच्याकडे माणूस पहाटे उठून, फिरून, आंघोळ करून, आठला नाश्ता करून मोकळा होतो. मग दादरला गाडी बदलून वांद्रे गाठायचं, आणि मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक असला तर विचारूच नका. साडेबाराला पोचून टेबल मिळायला दहा-पंधरा मिनिटं, ऑर्डर द्यायला तेवढीच, आणि रविवारी भर गर्दीत स्वयंपाकघरातून ताटली बाहेर यायला अर्धा तास सहज. सव्वा-दीड वाजला. साखर असलेल्या माणसाची जीभ तेव्हा गोड राहील अशी अपेक्षा कशी ठेवायची?

ह्यावर उपाय सोपा आहे आणि तो त्या हॉटेलाच्या पाटीवरच लिहिलाय : दिवसभर मिळतं. मग साडेबारालाच का जायचं? ती तर सगळ्यात गजबजलेली वेळ. सुनेला सांगा, दहाचं टेबल घे. दहाला अशा ठिकाणी निम्मी टेबलं रिकामी असतात, गाणी हळू लावलेली असतात, वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते आणि खाणं पटकन येतं. रविवारी पुष्कळ ठिकाणी टेबल दीड-दोन तासांसाठीच देतात, मागे लोक ताटकळत असतात. सकाळी ती घाईही नसते. मेगाब्लॉक बहुधा उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, ते बघून निघा. जाताना तरी बहुतेक सुटाल. ह्याहून बरं म्हणजे शनिवारी जा. वाढदिवस एक दिवस अलीकडे सरकला म्हणून काही बिघडत नाही. गोळीची वेळ आणि खाण्याची वेळ ह्यांचा मेळ मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि वेळ कुठलीही असो, निघताना पर्समध्ये बिस्किटाचा पुडा असू द्या.

टेबल बुक करताना सुनेने आणखी एक विचारून घ्यावं : बसायला काय आहे? त्या उंच स्टुलांवर पाय लोंबकळत ठेवून दोन तास बसणं हे गुडघ्यांवरचं संकट आहे. पाठ टेकायची खुर्ची आणि भिंतीकडची जागा, असं आधी सांगितलं की ठेवतात.

मेन्यू घरी बघून घ्या. तिथे तो टेबलावरच्या चौकोनी कोडातून फोनवर उघडावा लागतो, अक्षर बारीक, आणि यजमानांचा चश्मा वर-खाली होऊ लागला की चिडचिड सुरू. सुनेला म्हणावं, व्हॉट्सॲपवर पाठव. तो दोघांनी निवांत वाचा, किमतींसकट. जे काय "अरे बाप रे" म्हणायचं ते डोंबिवलीत पोटभर म्हणून घ्या.

काय मागवायचं, हेही सांगते, कारण 'पाव न् अंडी' ह्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. नको ते मागवलं की तसंच वाटतं. एग्ज बेनेडिक्ट नावाचा जो प्रकार असतो, त्यात मऊ पावावर पाण्यात उकळून अर्धवट शिजवलेलं अंडं, आणि वर बलक, लोणी न् लिंबाचा सॉस. सुरी लावली की पिवळं ओघळतं. ज्याला आवडतं त्याला फार आवडतं, पण तिखट खाणाऱ्या माणसाला ते मिळमिळीत लागतं आणि कच्चं वाटतं. शिवाय खाली बहुतेक वेळा हॅम किंवा बेकन असतं, चालत नसेल तर आधी विचारा. यजमानांसाठी शक्षुका मागवा. हा उत्तर आफ्रिकेकडचा पदार्थ : कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, जिरं, लाल तिखट घालून रस्सा आटवतात आणि त्यातच अंडी फोडून शिजवतात. लोखंडी तव्यातच टेबलावर येतो, वाफाळता. "अंडं पूर्ण शिजवा, तिखट जास्त" असं सांगता येतं. टर्किश एग्ज म्हणून असतात, त्यात खाली लसणीचं दही आणि वर लाल मिरचीचं लोणी, तेही त्यांना रुचेल.

पाव हा वेगळा विषय. तिथला सावरडो यीस्टची पुडी न घालता, पीठ न् पाणी आंबवून ठेवलेल्या विरजणावर फुगवतात. चव छान, किंचित आंबूस, पण कड अशी कडक, की सुरी घसरते आणि काटा ताटलीवर खणकन वाजतो. कवळी असेल किंवा दाढा दुखत असतील तर ती कड सोडून द्या, किंवा त्याऐवजी ब्रियोश मागा. त्यात लोणी-अंडं असल्याने तो मऊ असतो. ॲव्होकाडो टोस्ट एकच मागवून चौघांत वाटून घ्या. ॲव्होकाडोची बरीच फळं परदेशातून येतात, म्हणून ते महाग. सुरुवातीला माणसांपेक्षा एक ताटली कमी मागवायची, लागलं तर पुन्हा सांगता येतं. कॉफी आपल्याला कोमट वाटते, कारण तिथे दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, उकळत नाहीत. "एक्स्ट्रा हॉट" म्हणा, करून देतात. आणि बसल्या बसल्या वेटर विचारतो, "स्टिल की स्पार्कलिंग?" म्हणजे बिनबुडबुड्यांचं पाणी की बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीबंद आणि दोन्हींचे पैसे. "साधं पाणी" म्हणायला अजिबात लाजू नका.

एवढे पैसे घेतात कशाचे, हा प्रश्न यजमान पुन्हा विचारतीलच, म्हणून त्यांच्यासाठी हिशोब. हॉटेलधंद्यात ढोबळ मानाने कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. बाकीच्यात जागेचं भाडं, माणसांचे पगार, वीज, गॅस, आणि उरला तर नफा. वांद्र्यात त्या भाड्याचा आकडा काय असेल ह्याची कल्पना पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला मी द्यायला नको. चार माणसं दीड-दोन तास जी जागा अडवतात, तिचे पैसे त्या अंड्यांत घातलेले असतात. ते पटलं पाहिजे असं मी म्हणत नाही. मलाही दर वेळी पटत नाही.

एका ठिकाणी मात्र यजमानांची नजर कामाची आहे. बिलावर जीएसटी ५ टक्के असतो, अडीच केंद्राचा न् अडीच राज्याचा. तो द्यावाच लागतो. (मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के असू शकतो.) त्याखेरीज 'सर्व्हिस चार्ज' म्हणून कधी कधी १० टक्के लावलेले असतात. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय, की हॉटेलाने तो आपणहून बिलात लावू नये, द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. "हा काढून द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी काढतात, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हे काम तुमच्या मुलाचं. यजमानांनी ते त्याला आधी घरी सांगून ठेवावं आणि बिल आलं की खिडकीबाहेर बघावं. सेवा चांगली वाटली तर त्या पोराच्या हातावर वेगळे पैसे ठेवायला कुणाची ना नाही, आणि तेवढं यजमानांनी केलं तर मला फार आवडेल.

बिल कोणी द्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण "आमचा वाढदिवस, आम्ही देतो" असा आग्रह तुमच्याकडून होईल अशी मला शंका आहे. करू नका. तिने बोलावलंय, तिला देऊ द्या. परतफेड तुमच्या पद्धतीने करा. यजमान जीपीओत होते म्हणजे फोर्टातली इराणी हॉटेलं त्यांना पाठ असणार. दिवसभर उघडं राहून केव्हाही पाव-अंडी देणारी ठिकाणं मुंबईला नवी नाहीत. धोबी तलावजवळचं कयानी १९०४ पासून तेच करतंय. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाला-सुनेला तिथे न्यावं, अकुरी (म्हणजे पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी), ब्रुन मस्का न् मावा केक खिलवावा, नोकरीच्या पहिल्या वर्षांतल्या गोष्टी सांगाव्यात. किंवा तुम्हाला दादरला गाडी बदलायचीच असते, तर शिवाजी पार्कला 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा न् पियूष. अट एकच. तिथलं बिल हातात घेऊन "बघ, चौघांचं एवढंसंच" असं म्हणायचं नाही. मनात आलं तरी नाही.

महिन्याला एक खेप तुम्हा दोघांना जास्त होत असेल, तर तेही सुनेला मोकळेपणी सांगा, पण वेगळ्या दिवशी. "दोन महिन्यांनी एकदा तिकडे, मधल्या महिन्यात आमच्या आवडीच्या ठिकाणी" ह्यात तिला राग येण्यासारखं काही नाही. मुलं पैसे साठवतात की नाही ही काळजी असेल, तर ती मुलाकडे एकट्याकडे बोला, आणि एकदाच.

साडी कुठली नेसू, असं कुणी मला अशा जागेबद्दल विचारलं की मी सांगते, जी नेसून आरामात बसता येईल ती. तिथे निम्मे लोक अर्ध्या चड्डीत असतात.

आणि उरलं तर बांधून मागा, त्यात कमीपणा नाही, सगळे मागतात. सावरडो दुसऱ्या दिवशी तव्यावर तूप सोडून भाजला तर चहाबरोबर छान लागतो. अर्धवट शिजलेलं अंडं मात्र बांधून आणू नका, डोंबिवलीपर्यंतच्या उकाड्यात ते टिकायचं नाही.